सिग्नलला चढतो, हायवेला उतरतो: जुन्या व्हीआरएसचा तापणारा काटा

तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. सकाळी ठाण्यात माजिवड्याहून निघालं, कापूरबावडीपर्यंत तापमानाचा काटा मधोमध. मानपाड्याला गर्दी लागली आणि एसीची हवा कोमट यायला लागली. पाटलीपाड्याच्या सिग्नलला काटा ९० च्या पुढे सरकला, मग बॉनेटखाली विमान सुटल्यासारखा पंख्याचा आवाज झाला आणि काटा परत जागेवर आला. मेकॅनिकने थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) बदलला. तीन आठवडे बरे गेले, पुन्हा तेच. मग कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी बदललं, पुन्हा तेच. शेवटी कुणीतरी थर्मोस्टॅट काढूनच टाकला आणि "आता बघा, तापणारच नाही" असं सांगितलं.

ही पोस्ट २००४ साली भारतात आलेल्या स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएसबद्दल आहे. १७८१ सीसीचं २० व्हॉल्व्हचं टर्बो पेट्रोल इंजिन, १५० पीएस. गाडी दणकट आहे, पण वीस वर्षांनंतर तिची कूलिंग सिस्टिम म्हणजे जुनं प्लॅस्टिक, जुने ओ-रिंग आणि आधीच्या मालकांनी भरलेलं कसलंकसलं पाणी. दुखणं परत येतं, कारण ती नेमकी कधी तापते हे न विचारताच पार्ट बदलले जातात. उभी असताना तापणं आणि पळताना तापणं हे दोन वेगळे आजार आहेत.

काट्यावर विश्वास ठेवू नका

डॅशवरचा काटा कंपनीने मुद्दाम सुस्त ठेवलाय. पाणी साधारण ७५ ते १०५ अंशांमध्ये कुठेही असलं तरी तो ९० वर ठाण मांडून बसतो. म्हणजे तो हलला तेव्हा गोष्ट बरीच पुढे गेलेली असते, आणि तो जागेवर आला याचा अर्थ सगळं ठीक आहे असा होत नाही. म्हणून आधी खरा आकडा बघा. ओबीडी सॉकेटला (गाडीचं निदान करायच्या प्लगला) साधा ब्लूटूथ स्कॅनर लावून फोनवर कूलंट टेम्परेचर दिसतं. व्हीसीडीएस (फोक्सवॅगन-स्कोडा गाड्यांचं निदान सॉफ्टवेअर) असेल तर इंजिनच्या मेजरिंग ब्लॉक ००४ मध्ये तिसरा आकडा तोच.

चालत्या गाडीत ८८ ते ९५ आणि गर्दीत पंख्याच्या तालावर ९५ ते १०२ मध्ये झुलणारा आकडा ठीक आहे. १०५ च्या वर टिकून राहिला तर शोध सुरू करा. ११० ला एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर फुल. त्यानंतरही चढतच असेल तर गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. "घर जवळच आहे" या हिशोबात हेड (सिलिंडरांवरचा इंजिनचा वरचा भाग) वाकतं.

स्कॅनरवर आकडा नीट आणि काटा मात्र वर, असं दिसलं तर दोष बहुधा सेन्सरचा. हेडच्या बाजूच्या प्लॅस्टिक फ्लँजमध्ये चार पिनांचा एकच सेन्सर बसतो आणि त्यात दोन घटक असतात: एक ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) सांगतो, दुसरा काट्याला. दोघांचं पटेनासं झालं की अर्धं निदान चुकतं. मल्टीमीटरवर ईसीयूचा घटक ३० अंशांना १५०० ते २००० ओहम आणि ८० अंशांना २७५ ते ३७५ ओहम दाखवतो. जुना काळा सेन्सर असेल तर हिरव्या डोक्याचा नवा टाका, सोबत ओ-रिंग आणि क्लिपही नवीच. इंजिन पूर्ण थंड असताना काम केलं तर कपभर कूलंट सांडण्यापलीकडे काही होत नाही.

उभी असताना तापते: पंखा, आणि जवळपास नेहमीच पंखा

वेग असला की वारा आपोआप लागतो. वाघबीळ नाक्याला उभं राहिलं की सगळी मदार पंख्यांवर. या गाडीत दोन इलेक्ट्रिक पंखे आहेत आणि त्यांना दोन गती आहेत. रेडिएटरच्या खालच्या भागात तीन पिनांचा पितळी स्विच असतो. पाणी ९२ ते ९७ अंशांवर गेलं की तो हळू गती चालू करतो, ९९ ते १०५ ला जोरात. शिवाय एसी लावला की पाण्याचं तापमान काहीही असो, हळू गती चालू झालीच पाहिजे.

इथेच या गाड्यांचं ठरलेलं दुखणं आहे. हळू गतीसाठी मोटरला रेझिस्टन्स जोडलेला असतो आणि तो वर्षानुवर्षांच्या उष्णतेने जळतो. त्यानंतर पंखा हळू फिरतच नाही. एसीच्या कंडेन्सरला हवा मिळत नाही म्हणून आधी एसी कोमट होतो, मग पाणी चढत चढत शंभरच्या आसपास जातं, आणि तिथे एकदम जोराची गती लागते. वर सांगितलेला विमानाचा आवाज तो हाच. जोराची गती शाबूत असल्यामुळे मेकॅनिक म्हणतो, "पंखा तर चालतोय ना." चालतोय, पण उशिरा. थर्मोस्टॅट बदलल्यावर तीन आठवडे बरं वाटतं, कारण त्या तीन आठवड्यांत एकतर पाऊस झालेला असतो किंवा तुम्ही एसी कमी लावलेला असतो.

तपासायला दहा मिनिटं लागतात. थंड इंजिन चालू करा, एसी लावा, बॉनेट उघडून बघा. दोन्ही पंखे लगेच हळू फिरले तर हा भाग ठीक. नाही फिरले तर इंजिन आणि एसी बंद करा आणि रेडिएटरच्या स्विचचा प्लग काढा. टेस्ट लॅम्पने त्यातली सतत १२ व्होल्ट असलेली वायर शोधा. मग जाड वायरच्या तुकड्याने ती आळीपाळीने उरलेल्या दोन पिनांना जोडा. एकीला हळू, दुसरीला जोरात फिरायला हवं. हात, बाही आणि गळ्यातली साखळी पंख्यापासून लांब.

जोरात फिरतो पण हळू नाही, याचा अर्थ बहुधा रेझिस्टन्स गेला. दोन्ही गती देऊन पंखे फिरले, पण गाडी तापूनही आपणहून लागत नाहीत, तर स्विच खराब. काहीच फिरत नसेल तर बॅटरीच्या डोक्यावरचा फ्यूज बॉक्स उघडून नीट बघा. तिथल्या पट्टी-फ्यूजचे नट सैल होतात, सांधा तापतो आणि प्लॅस्टिक वितळून तपकिरी पडतं. फ्यूज वरून अखंड दिसतो, पण खालचा सांधा करपलेला असतो. असा बॉक्स घासूनपुसून परत लावण्यात अर्थ नाही, तो बदलायचा. फ्यूजही ठीक असेल तर बॅटरीखाली चॅसिसच्या दांड्याला लागून असलेलं फॅन कंट्रोल मॉड्यूल. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून गाडी नेली असेल तर आधी त्याच्या प्लगमधला हिरवा गंज बघा.

पंख्याला १२ व्होल्ट थेट दिल्यावर अडखळत फिरला, किंवा टिचकी मारल्यावर फिरला, तर कार्बन ब्रश संपलेत. नुसता रेझिस्टन्स दुरुस्त करून देणारे कारागीर मिळतात, पण वीस वर्षांच्या मोटरचं बेअरिंगही तेवढंच जुनं असतं. पूर्ण पंखा बदलणं शहाणपणाचं.

आणि ते "फॅन डायरेक्ट करून देतो" प्रकरण. डॅशखाली टॉगल स्विच आणि तिथून पातळ वायर. जोराच्या गतीला पंखे २० अँपच्या वर करंट ओढतात, त्या वायरचं इन्सुलेशन वितळणारच. अडचणीच्या वेळी घरी पोचण्यापुरतं करायचंच असेल तर ४० अँपचा रिले, बॅटरीजवळ ३० अँपचा फ्यूज आणि ४ चौरस मिमीची वायर. टॉगल फक्त रिलेच्या कॉइलला.

पंखा फिरतोय, तरी तापते

मग हवा रेडिएटरमधून जातच नाहीये. कंडेन्सर पुढे, रेडिएटर मागे, आणि दोघांच्या मधल्या बोटभर फटीत घोडबंदर रोडवरची मेट्रोच्या कामाची धूळ, पिंपळाची पानं आणि केसांसारखा कचरा यांची गादी तयार होते. समोरून कंडेन्सर चकाचक दिसतो. गादी दिसते फक्त वरची प्लॅस्टिक पट्टी काढून टॉर्च मारल्यावर. रेडिएटर थोडा मागे सरकवून पंख्याच्या बाजूने पुढच्या दिशेला साध्या नळीने पाणी मारा. प्रेशर वॉशर नको, फिन (पातळ धातूच्या पट्ट्या) एकदा आडवे झाले की ती जागा कायमची बंद. नवी मुंबईत खाडीकाठी, म्हणजे ऐरोलीपासून पाम बीच रोडपर्यंत गाडी उघड्यावर उभी राहत असेल तर फिनला बोट लावून बघा. भुगा पडत असेल तर धुण्यात वेळ घालवू नका, रेडिएटर संपलाय.

रेडिएटरच्या दोन्ही बाजूंची प्लॅस्टिक पाखं आणि फोमच्या पट्ट्या अपघाताच्या कामानंतर परत बसवल्याच जात नाहीत. त्या नसल्या की हवा रेडिएटरला वळसा घालून निघून जाते.

पळताना किंवा चढावर तापते

गायमुखच्या घाटात किंवा मुंब्रा बायपासच्या चढावर ट्रकमागे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये आकडा चढतो आणि पाम बीचवर मोकळ्या रस्त्यालाही लवकर उतरत नाही, तर प्रश्न पाण्याच्या वाहण्याचा आहे.

हाताने निदान होतं. गाडी तापल्यावर इंजिन बंद करा आणि जाड कापडाचा हातमोजा घालून रेडिएटरचा वरचा आणि खालचा पाइप चाचपा. वरचा कढत आणि खालचा थंडगार असेल तर पाणी रेडिएटरमधून फिरत नाहीये. पंख्याचा स्विच रेडिएटरमध्ये बसलाय, इंजिनमध्ये नाही, हे इथे लक्षात ठेवा. पाणी फिरलं नाही तर स्विचला गरम पाणी भेटतच नाही, म्हणून इंजिन उकळत असतानाही पंखा गप्प. अशा वेळी चांगला पंखा बदलून घेणारे कमी नाहीत.

पाणी न फिरण्याची कारणं तीन: थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय, सिस्टिममध्ये हवा आहे, किंवा वॉटर पंप. हीटर लावून बघा. ठाण्यात हीटरचं बटण वर्षातून एकदाही फिरत नसेल, पण निदानाला याच्यासारखं साधन नाही. आयडलला हवा थंड आणि २५०० आरपीएमला गरम येत असेल तर दोष पंपाचा, नाहीतर सिस्टिममध्ये अडकलेल्या हवेचा. जुन्या पंपाचा पंखा प्लॅस्टिकचा असतो. तो शाफ्टवर सैल होतो किंवा त्याची पाती तुटतात. बाहेरून गळती नाही, आवाज नाही, शाफ्ट फिरतोय, पाणी मात्र ढकललं जात नाही. नवा घेताना धातूच्या पात्यांचा घ्या.

हा पंप टायमिंग बेल्टवर चालतो. त्यामुळे पंप म्हणजे बेल्ट, टेन्शनर आणि रोलर सगळं एकदम. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. शहरातल्या वापराला ८०,००० किमी किंवा ५ वर्षं, जे आधी येईल ते. जुन्या गाडीचा बेल्ट कधी बदललाय याचं बिल हातात नसेल तर तो बदललेला नाही असंच धरा.

थर्मोस्टॅट घरी तपासता येतो. पातेल्यात पाणी, दोऱ्याने टांगलेला थर्मोस्टॅट, शेजारी थर्मामीटर. साधारण ८७ अंशांना उघडायला सुरुवात झाली पाहिजे. पूर्ण उघडतो तो १०२ च्या आसपास, म्हणजे पातेल्यात तो पूर्ण उघडलेला दिसणारच नाही. म्हणून फेकून देऊ नका.

थर्मोस्टॅट काढून टाकणं

थर्मोस्टॅट इंजिनचं किमान तापमान ठरवतो, कमाल नव्हे. तो काढला की पहाटे रिकाम्या रस्त्याला इंजिन ६५-७० वर रेंगाळतं. ईसीयूला वाटतं इंजिन अजून थंड आहे, ते पेट्रोल जास्त सोडतं. मायलेज पडतं, ऑइलमधला ओलावा उडत नाही, पीयूसीला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) जास्त येतो. १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करायला गाडी न्यायची असेल तर हे सगळं आयतं अंगावर येतं. आणि पाटलीपाड्याच्या सिग्नलला दुपारी दोन वाजता ती तशीच तापते, कारण तिथे कमी पडत होती हवा.

थंड थर्मोस्टॅटचंही तेच. ८० अंशांचा टाकला तरी पंख्याचा स्विच ९२ लाच लागतो. गर्दीत काहीही बदलत नाही.

पाणी, झाकण आणि हवा काढणं

बोअरचं किंवा टँकरचं पाणी सिस्टिममध्ये गेलं असेल तर रेडिएटर आणि हीटरच्या बारीक नळ्यांत क्षार बसतात. त्यात भर म्हणजे रंग बघून टाकलेलं कूलंट. जुनं लाल जी१२ आणि निळं-हिरवं जी११ हे कूलंटचे दोन प्रकार एकत्र आले की तपकिरी गाळ होतो. कूलंटचा डबा उघडल्यावर गढूळ चहासारखं दिसलं तर टॉप-अप करत बसू नका, पूर्ण धुवा.

सिस्टिममध्ये साधारण ६ लिटर मावतं, पण खालून सोडल्यावर लिटर-दीड लिटर ब्लॉक आणि हीटरमध्ये राहतंच. म्हणून डीमिनरलाइज्ड पाणी भरून, हीटर गरमवर ठेवून इंजिन तापवून, थंड करून सोडायचं. असं तीनदा, किंवा स्वच्छ येईपर्यंत. शेवटी आत साधं पाणी उरलेलं असतं, त्यामुळे तयार मिश्रणाची बाटली ओतली तर प्रमाण पातळ होतं. आधी ३ लिटर घट्ट कूलंट ओता, जी१२+ किंवा त्यानंतरचं, आणि उरलेली जागा डीमिनरलाइज्ड पाण्याने भरा. आपल्याकडे गोठण्याची भीती नाही हे खरं, पण निम्मं कूलंट गंज रोखण्यासाठी आणि पंपाच्या सीलसाठी लागतं. काढलेलं कूलंट गटारात किंवा पार्किंगमध्ये सोडू नका. ते गोड लागतं, आणि कुत्री-मांजरी चाटून मरतात.

डब्याचं निळं झाकण १.४ ते १.६ बारला उघडतं. साधं पाणी उघड्यावर १०० ला उकळतं, १.४ बारच्या दाबाखाली १२६ ला. झाकणाचा रबर मेला की हे सगळं संरक्षण जातं आणि १०५ लाच डब्यातून बुडबुडे येतात. स्वस्तातला पार्ट, सगळ्यात आधी बदलण्याजोगा. डबा पिवळा पडून सांध्यावर केसासारखी चीर गेली असेल तर तोही. सेन्सर बसतो त्या प्लॅस्टिक फ्लँजखाली गुलाबी-पांढरे डाग दिसले तर तिथून थेंब थेंब गळतंय. गरम इंजिनवर पडून वाळत असल्यामुळे जमिनीवर काही दिसत नाही.

भरल्यानंतर हवा काढायची: हीटर गरमवर, बल्कहेडकडे (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीकडे) जाणाऱ्या हीटरच्या वरच्या पाइपची क्लिप सैल करून पाइप जरासा मागे ओढा, हवा सुसकारत जाऊन कूलंट आलं की परत बसवा. झाकण लावा, दोन मिनिटं १५०० आरपीएम, मग आयडलला पंखा लागून बंद होईपर्यंत चालू ठेवा. खालचा पाइप गरम झाला पाहिजे. इंजिन थंड झाल्यावर पातळी बघून भरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत बघा.

हेड गॅस्केटचं नाव घेण्याआधी

रात्रभर उभ्या गाडीचे पाइप सकाळी दगडासारखे कडक, थंड इंजिन सुरू करताच डब्यात सतत बुडबुडे, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर: हे सगळं एकत्र असेल तर गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधलं सील, गेलं. खात्रीसाठी डब्याच्या तोंडाशी निळ्या द्रवाची लीक टेस्ट करून घ्या, जळलेला वायू आला की द्रव पिवळा होतो.

डब्यात फक्त ऑइलचा तवंग आहे आणि डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ, असं असेल तर हेडला हात लावू देऊ नका. ऑइल फिल्टरच्या बुडाशी असलेला ऑइल कूलर आतून फुटलेला असू शकतो. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब पाण्यापेक्षा जास्त असतो, म्हणून ऑइल पाण्यात जातं, पाणी ऑइलमध्ये येत नाही. हेड उतरवण्याच्या खर्चापुढे हा कूलर काहीच नाही.

अपग्रेड करायचंच असेल तर

रोजच्या वापराच्या व्हीआरएसवर पुढे लावायचा मोठा इंटरकूलर (टर्बोची हवा गार करणारा रेडिएटर) घेऊ नये, हे स्पष्ट मत. तो कंडेन्सरच्या पुढे भिंतीसारखा बसतो. मोकळ्या रस्त्याला फायदा देतो आणि ठाणे-बेलापूर रोडच्या गर्दीत रेडिएटरची हवा खातो. मूळ बाजूचा इंटरकूलर आतून ऑइल काढून धुवा, त्याचे पाइप आणि क्लॅम्प तपासा. साध्या रिमॅपला (ताकद वाढवायला ईसीयूची सेटिंग बदलण्याला) तेवढं पुरतं.

रिमॅप मात्र कूलिंग शंभर टक्के झाल्यावरच. जास्त बूस्ट (टर्बोचा दाब) म्हणजे जास्त उष्णता, आणि आज काठावर चालणारा रेडिएटर उद्या गायमुखला हात टेकेल. पैसे खर्चायचेच असतील तर क्रम असा: झाकण, दोन्ही पंखे, बेल्टसोबत धातूच्या पात्यांचा पंप, फ्लँज, मग नवा मूळ मापाचा रेडिएटर. जाड ॲल्युमिनियम रेडिएटर सगळ्यात शेवटी, आणि तोही पंख्याच्या चौकटीत (श्राउडमध्ये) नीट बसत असेल तरच. पंखा आणि रेडिएटरमध्ये फट राहिली तर मूळचा बरा होता.

काम झाल्यावर चाचणी थंड संध्याकाळी नको. दुपारी एसी पूर्ण लावून, स्कॅनर फोनवर ठेवून माजिवड्याहून घोडबंदर रोडच्या दुसऱ्या टोकाच्या फाउंटन हॉटेलपर्यंत जा. सिग्नलला उभं असताना आकडा ९५ ला पोचायच्या आत पंख्याची हळू गती ऐकू यायला हवी, कारण एसी चालू आहे. गायमुख चढून वर आल्यावर आकडा किती आहे तो लिहून ठेवा आणि पुढच्या मे महिन्यात त्याच रस्त्यावर परत बघा. पाच-सहा अंशांनी वाढला असेल तर आधी कंडेन्सर आणि रेडिएटरमधली ती फट बघा.